मामीचा मामा होऊ नये म्हणून

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात लग्नापेक्षा हळद मोठी असते, आणि अलीकडे हळदीपेक्षा हळदीचा ब्लाऊज मोठा झाला आहे. एप्रिल-मे महिन्यात मुरबाड-शहापूरकडच्या कुठल्याही मांडवात डोकावलं तर हे पटेल. डीजे दणाणत असतो, जिकडेतिकडे पिवळ्या साड्या असतात आणि पाठींवर मजकूर असतो : ‘नवरीची आई’, ‘वरमाई’, ‘करवली’, ‘मामी’. पूर्वी नातं ओळखायला चेहरा बघावा लागे, आता पाठ बघितली की भागतं. हा मजकूर नुसत्या दोऱ्याने भरला तर मांडवातल्या लायटिंगमध्ये लांबून वाचता येत नाही आणि ज्या पाठीवर काही वाचता येत नाही त्या पाठीचा मान कमी. म्हणून अक्षरं दुसऱ्या कापडाची कापून बसवतात. यालाच अ‍ॅप्लिक म्हणतात. धसईसारख्या बाजाराच्या गावात, जिथे आसपासच्या पाड्यांवरून माणसं खरेदीला येतात, तिथे ब्लाऊज शिवणाऱ्या ताईला या कामापासून सुटका नाही. आणि अ‍ॅप्लिक म्हटलं की ते मधेच कुठेतरी बिघडण्यापासूनही सुटका नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की, अर्ध्यावर बिघडलेलं अ‍ॅप्लिक उसवायचं नसतं, झाकायचं असतं. आणि हे झाकणं ही नाइलाजाची तडजोड नसून त्या कलेची मूळ रीतच आहे. हे ऐकून शिवणक्लासच्या बाई डोळे वटारतील याची कल्पना आहे. पण पुरावा बराच आहे.

आधी मशीन काय करते ते बघू. कापड फ्रेममध्ये ताणून बसवलं की मशीन पहिल्यांदा अक्षराची नुसती बाह्यरेषा शिवते : पट्टी इथे ठेवा, एवढं सांगण्यापुरती. मग त्या रेषेवर ही पट्टी, म्हणजे चमकीचं कापड, ठेवायचं. मशीन त्यावरून दुसरा धावदोरा घालून ते जागेवर पकडते. त्यानंतर मशीन थांबते आणि बाईमाणसाची गरज पडते. फ्रेम मशीनच्या हातातून सोडवून टेबलावर आडवी ठेवायची, वाकड्या टोकाच्या कात्रीने धावदोऱ्याच्या कडेकडेने जास्तीचं कापड कापायचं, फ्रेम परत जागेवर चढवायची. शेवटी मशीन तीन-चार मिलिमीटर रुंदीचा दाट सॅटिन टाका घालून कापलेली कड बंद करते. सुई जागच्या जागी वरखाली होते, फिरते ती फ्रेम. मिनिटाला चारशे ते आठशे टाके पडतात आणि त्यातला एकही टाका बघून घातलेला नसतो. फ्रान्समधल्या म्युलूझच्या जोशुआ हाइलमानने १८२८ साली भरतकामाची मशीन बनवली, स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोब्लीने १८६३ साली तिला अखंड दोरा दिला, १९९० साली जॅनोमने घरगुती मशीनलाही डिझाइनची स्मरणशक्ती दिली. एवढ्या सगळ्या खटाटोपात डोळे द्यायचे मात्र राहून गेले. आपण कुठे आहोत हे मशीनला बिनचूक ठाऊक असतं, काय करून बसलो आहोत हे मात्र ठाऊक नसतं. बॉबिनमधला दोरा संपला तरी पुष्कळशा मशीन मोठ्या निष्ठेने हवेत शिवत राहतात. सरकारी कामकाजाशी परिचय असलेल्यांना याचं नवल वाटणार नाही.

आता मुख्य मुद्दा. अ‍ॅप्लिकच्या या पायऱ्या नीट मोजल्या तर लक्षात येईल की, तयार ब्लाऊजवर त्यातली फक्त शेवटची दिसते. जागा दाखवणारी रेषा पट्टीखाली गेली, पट्टी पकडणारा धावदोरा सॅटिनखाली गेला, कात्रीने केलेला ओबडधोबड काठही सॅटिनखालीच गेला. म्हणजे काहीही न बिघडता, सगळं सुरळीत पार पडलं तरी या कामात बहुतेक गोष्टी झाकायच्याच असतात. सॅटिनची ती रुबाबदार कडा शोभेसाठी असते असं गिऱ्हाइकाला वाटतं. ती खरी असते कापडाचे सुटलेले दोरे लपवायला. मुळात कापडावर कापड ठेवून शिवणं हा ठिगळाचाच प्रकार आहे. आपल्याकडे गोधडीत जुन्या लुगड्यांचे विरलेले भाग वरून तुकडे लावूनच धडके केले जातात आणि त्या तुकड्यांच्या रंगसंगतीचं आता शहरातल्या प्रदर्शनांत कौतुक होतं. ओडिशात पिपली गावचे कारागीर याच रीतीने पुरीच्या रथांची कापडी छतं सजवतात. म्हणजे साक्षात जगन्नाथ ज्या छताखाली बसतो तेही कापडावर कापड लावूनच तयार होतं. ज्या कलेचा जन्मच भोक झाकण्यातून झाला, तिच्यात नवीन भोक पडलं तर ते आणखी एका तुकड्याने झाकायला लाजायचं कारण काय?

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : चुकलं तर उसवावं आणि परत करावं, आम्हाला असंच शिकवलंय. धावदोऱ्याच्या पायरीपर्यंत हा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. पट्टी रेषेच्या आत राहिली, एका कोपऱ्यात कमी पडली, तर मागून चार टाके कापले की ती मोकळी होते आणि मशीनला एक पायरी मागे नेऊन तोच धावदोरा पुन्हा घालता येतो. पण सॅटिन सुरू झाल्यावर हिशेब बदलतो. दाट सॅटिनमध्ये एका सेंटिमीटरला निदान पंचवीस वेळा सुई कापडातून गेलेली असते. तो उसवला की दोरा निघतो, भोकं राहतात. आणि खणासारख्या किंवा टिश्यूसारख्या कापडावर तिकिटाच्या कडेसारखी रांग उमटते. परत त्याच जागी शिवलं तर कापड रेषेवरून फाटून अक्षर आपोआप सुटं होतं. शिवाय ब्लाऊजपीस असतो ऐंशी सेंटिमीटरचा आणि तो साडीबरोबर आलेला असतो, त्याला जोड मिळत नाही. धसईकरांना हा धडा दुसऱ्या मार्गाने आधीच मिळालेला आहे. १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून धसईची घोषणा झाली, तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार त्यासाठी आले होते. त्यानंतर आपल्या सर्वांनाच एक अनुभव नियमित येतो : खात्यातून पैसे गेले, दुकानदाराकडे पोचले नाहीत. अशा वेळी जो घाईघाईने पुन्हा पैसे पाठवतो त्याचे दोनदा जातात. जो हात बांधून पडद्याकडे बघत बसतो त्याचे परत येतात. अर्ध्यावर अडकलेल्या भरतकामातही पहिलं नुकसान मशीन करते आणि दुसरं, मोठं नुकसान आपली तत्परता करते.

म्हणून झाकण्याच्या शास्त्रातला पहिला नियम, जो दुकानात मोठ्या अक्षरात लिहून लावायला हरकत नाही : फ्रेम मशीनवरून काढलीत तरी चालेल, कापड फ्रेममधून काढू नका. फ्रेमच्या चौकटीत कापड जोवर हललेलं नाही तोवर मशीनचा आणि कापडाचा नकाशा एकच असतो. दोरा तुटला तर दहा-वीस टाके मागे जाऊन पुन्हा सुरू करता येतं, नवे टाके जुन्यांवर बसतात आणि जोड दिसत नाही. वीज गेली तरी बिघडत नाही. आणि या भागात ती जातेच, वळवाचा पहिला थेंब पडायच्या आत जाते. कितवा टाका चालू होता तो आकडा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलेला असला की झालं. वीज आल्यावर मशीन हात हलवून आपली शून्याची जागा पुन्हा शोधते, आकडा टाकला की जिथे सोडलं तिथे येते. सगळा गोंधळ होतो तो अंधारात कापड काढून घडी घालून ठेवणाऱ्या व्यवस्थित स्वभावामुळे. तरीही कापड निसटलंच तर उपाय आहे. फ्रेम पुन्हा ताणायची, मशीनला आधी पडलेल्या एखाद्या ठळक टाक्यावर न्यायचं आणि बाजूचं चाक हाताने फिरवत सुई हळूच खाली आणून जुन्या भोकात शिरते का बघायचं. एक भोक जुळलं म्हणजे फक्त जागा जुळली. लांबचं दुसरं भोक जुळलं की तिरकेपणाही जुळला. एका भोकावर समाधान मानणाऱ्यांचं ‘वरमाई’ पुढे डाव्या खांद्याकडे चढत जातं.

नकाशा शाबूत असला की झाकण्याचे प्रकार बघता येतात, आणि इथे कारागिराची अक्कल दिसते. सर्वांत सामान्य तक्रार म्हणजे मिशा : पट्टी कापताना एक-दोन मिलिमीटरऐवजी चार मिलिमीटर ठेवली, की सॅटिनच्या बाहेर धागे डोकावतात. टोकदार कात्रीने जेवढे जातील तेवढे कापायचे, उरलेल्यांवर तीच सॅटिन थोडी रुंद करून पुन्हा फिरवायची. उलट प्रकार म्हणजे फट : कात्री फार आत गेली किंवा कापड आक्रसलं, आणि सॅटिन पट्टीला न पकडता तिच्या बाजूने निघून गेली. यात ताईचा दोष असतोच असं नाही. दाट टाका कापडाला आपल्या दिशेने ओढतो. डिझाइन पंच करणाऱ्याने, म्हणजे ते मशीनच्या भाषेत बसवणाऱ्याने, ती ओढ धरून रेषा रुंद केली नसेल आणि मागे कापड ताठ धरणारा पेपर एकच लावला असेल, तर सरळ हाताने कापलेली पट्टीही तोकडी पडते. अशा फटीत त्याच चमकीच्या कापडाची चिंचोळी चिंधी सुईच्या टोकाने आत सरकवून वरून टाका घालतात. तिसरा प्रकार सर्वांत भीषण : कापताना खालचा ब्लाऊजच कापला जातो. त्या क्षणी दुकानात जी शांतता पसरते ती परीक्षेच्या निकालालाही पसरत नाही. भोक सॅटिनच्या वाटेवर असेल तर खालून त्याच रंगाचा तुकडा चिकटवून, झिगझॅग मारून, सॅटिनने गाडून टाकता येतं. वाटेबाहेर असेल तर पान, फूल किंवा फुलपाखरू येतं. ज्या ब्लाऊजवर विनाकारण एकटंच फुलपाखरू बसलेलं दिसेल, त्याच्या खाली काहीतरी घडून गेलेलं आहे असं खुशाल समजावं. उल्हासनगरच्या बाजारातून आणलेल्या कुंदन, टिकल्या आणि मोत्यांच्या लडी दागिन्यांच्या हौसेखातर विकत घेतल्या जातात हा एक गोड गैरसमज आहे.

या शास्त्राला एक उपनियम आहे आणि तो सौंदर्यशास्त्राच्या कुठल्याही ग्रंथाला मान खाली घालायला लावेल : चूक एकदा झाली तर चूक, दोन्हीकडे झाली तर डिझाइन. डाव्या बाजूला फुलपाखरू बसवावं लागलं की उजवीकडेही बसवायचं. फूल एका वेलांटीवर आलं की दुसऱ्या वेलांटीवरही आलंच पाहिजे. मात्र अक्षरांच्या बाबतीत हा नियम जपून वापरावा लागतो. देवनागरीत एकेक रेघ अर्थ बदलते आणि मशीनच्या पोटातली तयार अक्षरं बहुधा रोमन असतात, त्यामुळे आपली अक्षरं कुणाकडून तरी पंच करून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवावी लागतात. त्यात ‘मामी’च्या वेलांटीचा वरचा वळसा भरताना बॉबिन संपलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर खाली उरतो तो सरळ काना, आणि हळदीला पिवळ्या साडीत, अंबाड्यावर गजरा माळून साक्षात मामा हजर होतो. इथे फुलपाखरू कामाचं नाही. वळसा पुन्हा भरावाच लागतो. म्हणजे झाकण्यालाही मर्यादा आहेत, आणि त्या मर्यादा अर्थाच्या आहेत : डाग झाकता येतो, काना झाकता येत नाही.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि म्हणून जास्त जोरात केला जातो. गिऱ्हाइकाने पूर्ण पैसे मोजायचे आणि ताईने खाली भोक ठेवून वर फुलपाखरू बसवायचं, ही फसवणूक नाही का? प्रश्न रास्त आहे, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. एक चूक दिसण्याची असते आणि एक टिकण्याची. मिशा, किंचित वाकडी कड, रंगाच्या दोऱ्यात पडलेला फरक या दिसण्याच्या चुका. त्या झाकल्या की संपल्या, कारण त्या दिसण्यापुरत्याच होत्या. पण सॅटिनने पट्टी पकडलेलीच नाही आणि वरून फट दिसू नये म्हणून त्याच रंगाचं स्केचपेन फिरवलं, ही टिकण्याची चूक आहे; ती झाकली तर पहिल्या धुण्यात ‘करवली’तला ‘क’ बादलीत तरंगतो. परीक्षा सोपी आहे. कडेखाली नख घालून पट्टी उचकटून बघावी; सॅटिनने तिला निदान दीड-दोन मिलिमीटर चावलेलं असलं तर ती हलत नाही. नख लावून न हलणारं काम, मग त्याखाली काहीही दडलेलं असो, प्रामाणिक आहे. नख लावताच सुटणारं काम वरून कितीही देखणं असलं तरी लबाडी आहे. भोकाला खालून तुकडा लावून, झिगझॅग मारून मग फुलपाखरू बसवणारी ताई तो भाग मूळ कापडाहून मजबूत करून देते. तिला फसवं म्हणायचं असेल तर घराला गिलावा करणाऱ्या प्रत्येक गवंड्यावर आधी गुन्हा नोंदवावा लागेल.

तिसरा आक्षेप पैसेवाल्यांचा : एवढी कटकट कशाला, चांगली मशीन घ्या. आता कॅमेरा आणि प्रोजेक्टर बसवलेल्या मशीनही निघाल्या आहेत. त्या कापडावर डिझाइनचं चित्र पाडून दाखवतात, फ्रेम तिरकी असली तर ती ओळखून रेषा फिरवून घेतात. डोळ्यांची उणीव काही अंशी भरून निघाली हे मान्य. पण त्या डोळ्यांची किंमत लाखांत आहे आणि पट्टी कापायची कात्री अजूनही माणसाच्याच हातात आहे. शिवाय भरतकामातले निम्मे बिघाड कापडात होतच नाहीत. सॅटिन अर्धी झाल्यावर नवरीची मावशी दारात येऊन ‘ताई, सोनेरी नको गं, चंदेरी कर’ म्हणते, तो बिघाड कुठल्याही कॅमेऱ्यात दिसत नाही. त्यावरचा उपायही झाकण्याचाच आहे : सोनेरी आहे तशी ठेवून बाहेरून चंदेरीची बारीक रेघ. त्या रेघेला आता ‘डबल बॉर्डर’ म्हणतात, तिचे वेगळे पैसे लागतात, आणि पुढच्या लग्नात ती आवर्जून मागितली जाते.

चौथा आक्षेप मात्र मला मनापासून मान्य आहे : आधी चिंधीवर करून बघा. पेपर किती लावायचा, दोरा किती ताणायचा, कात्री किती जवळून न्यायची, हे सगळं चिंधीवर कळतं, आणि जो हा नियम पाळतो त्याच्या निम्म्या फुलपाखरांची गरज संपते. फक्त दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. चिंधी सुती असते आणि ब्लाऊज निसरडा. एक सगळं सहन करते, दुसरा काहीच नाही. आणि दुसरं, चिंधीवर करून बघायला वेळ लागतो, तर लग्नसराईत ब्लाऊज येतो तो हळदीच्या आदल्या दिवशी, दुपारनंतर, ‘तुम्हाला काय, दहा मिनिटांचं काम’ या प्रमाणपत्रासह. पूर्वतयारी हा उत्तम गुण आहे, पण तो गिऱ्हाइकातही असावा लागतो. तो तिथे नसल्यामुळेच सावरण्याची विद्या टिकून आहे.

आणि ही विद्या आहे, हे एकदा मान्य केलं तर तिची किंमतही मान्य करावी लागेल. १७ सप्टेंबर २०२३ पासून सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत शिंप्याचा व्यवसायही आहे, अवजारांसाठी पंधरा हजार रुपये मिळतात, पाच-सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण असतं. त्या पैशांत कात्री येईल, त्या दिवसांत मशीन चालवता येईल. पण सॅटिनखालची फट बघून फूल बसवायचं की चिंधी सरकवायची हे ठरवणारा डोळा त्यात बसणार नाही, तो चार-पाच लग्नसरायांनीच येतो. गंमत अशी की, तो डोळा वापरल्याचे पैसे कुणीच देत नाही. सोनाराला घडणावळ देताना आपण हूं की चूं करत नाही, गिरणीत दळणावळ देतो, भरतकामाचा दर मात्र टाक्यांच्या संख्येवर ठरतो. ज्या टाक्यांनी काम बिघडवलं त्यांचा हिशेब लागतो आणि ज्या डोक्याने ते वाचवलं ते फुकटात जातं. यावर उपाय म्हणून दरपत्रकात ‘झाकणावळ’ असा एक रकाना असावा, अशी माझी सूचना आहे. ती वसूल होणार नाही हे उघडच आहे, कारण झाकणावळ लावायची तर काय झाकलं ते सांगावं लागेल, आणि सांगितलं तर झाकलं काय? तेव्हा तूर्त फुलपाखराचे पैसे लावावेत, आणि दोन्ही बाजूंचे लावावेत.